आबाजींनी खाल्लेली दोन केळी

एका माणसाचं ऑपरेशन माझ्यामुळे आठ दिवस पुढे गेलं. मी डॉक्टर नव्हतो, मंडल कचेरीत (म्हणजे आंध्रातल्या तहसिलीत) कारकून होतो. एरवी माझ्या हातून फक्त अर्ज लांबणीवर पडत.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीतली गोष्ट. आदिलाबाद जिल्ह्यात, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आमचं गाव. (नाव सांगत नाही. सासुरवाडी अजून तिथंच आहे.) आमच्या विहारात एक भंतेजी आले होते. ते म्हणाले, करुणा लेकरांना सांगून येत नाही, त्यांच्या हातून करवून घ्यावी लागते. वाक्य सगळ्या वस्तीनं ऐकलं, मनावर मी एकट्यानं घेतलं. माझा स्वभावच तसा. कुणी सहज "बरं नाही का?" विचारलं, तरी मला कणकण वाटायला लागते.

माझी मुलगी प्रज्ञा तेव्हा सहा वर्षांची. तिला आणि वस्तीतल्या आणखी चार लेकरांना घेऊन सरकारी दवाखान्यात केळी वाटायची असं मी ठरवलं. गुरुवारी रजा मिळाली म्हणून गुरुवार धरला. दर गुरुवारी बाहेरून मोठे डॉक्टर येतात आणि ऑपरेशनं करतात, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

वॉर्डाच्या दारात मी लेकरांना ओळीत उभं केलं. "ज्याले भूक लागली त्याले द्यायचं. कोनाले नाई म्हनायचं नाई. समजलं?"

"समजलं," पाचही जणांनी सांगितलं. मला भरून आलं. हे भरून येणं साधारण दहा मिनिटं टिकलं.

मग आतून सिस्टरचा आवाज आला. तिसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या उशाखाली तिला दोन केळ्यांच्या साली सापडल्या होत्या. "ये किसने दिया?"

प्रज्ञानं ऐटीत हात वर केला. "मी दिले. आबाजीले भूक लागली होती."

सिस्टर तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि माझ्याकडे वळली. म्हाताऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन तासाभरावर होतं. त्याला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलं होतं. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी छातीत गेली, तर माणूस हातचा जातो, असं तिनं मला हिंदीत समजावलं. मी जवळच्या खाटेवर बसलो. (ती रिकामी नव्हती. त्या पेशंटनं पाय आखडून घेतले.)

डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "नेक्स्ट गुरुवार."

म्हाताऱ्याचं नाव मारोती. आबाजी, म्हणजे आजोबा, हे प्रज्ञानं लावलेलं. बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यातून तो आणि त्याची बायको गिरजाबाई आधी बैलगाडीनं, मग बसनं आले होते. रानात कापूस फुटून पडला होता. गिरजाबाई नुसती गाठोडं बांधत राहिली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. मीच बोलून गेलो, "माय, परत काऊन जाता? आठ दिवस आमच्या घरी राहा."

दोन खोल्यांच्या घरात आम्ही पोचलो तेव्हा माझी बायको सुमन भाकरी थापत होती. तिनं पाहुण्यांना पाणी दिलं, बसायला चटई टाकली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमची करुना किती दिवसाची हाय?"

"आठ."

"मंग दळन आना."

आठ दिवस प्रज्ञा आबाजींना खाऊ घालत होती. शेंगदाणे, गूळ, पेरू, स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी. मला मात्र एकच घोर. बुधवारी दिवस मावळल्यावर त्यांच्या पोटात काही जाता कामा नये. बुधवारी मी पेरूची टोपली माळ्यावर चढवली, शेंगदाण्याचा डबा कचेरीच्या कपाटात ठेवून आलो आणि गुळाच्या ढेपेवर पाटा ठेवला.

गुरुवारी सकाळी प्रज्ञा समोर उभी राहिली. "आबाजीले भूक लागली. काऊन देऊन नाई राह्यले?"

"आज नाई द्यायचं."

"तुमीच तं सांगतलं होतं, नाई म्हनायचं नाई."

भूल, पोट, उलटी हे सगळं मी तिला समजावलं. ती शांतपणे ऐकून बाहेर गेली आणि गल्लीभर सांगत सुटली, "आमचे बाबा आबाजीले जेवू नाई देत."

पंधरा मिनिटांत शेजारच्या शांताकाकू पिठलं-भाकरी घेऊन दारात हजर. त्यांच्या मागे उपम्याची वाटी घेऊन पलीकडच्या तेलुगू मास्तरीणबाई. मी दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिलो.

"म्हाताऱ्या मानसाले उपाशी मारता," शांताकाकू म्हणाल्या, "अन् लेकरायले दया शिकवाले दवाखान्यात नेता?"

"काकू, आयकून तं घ्या."

"काय आयकू? लेकरू खोटं बोलते काय?"

शेवटी मी आबाजींचा हात घट्ट धरला आणि पिठल्याच्या वासातून वाट काढत त्यांना रिक्षात बसवलं. सुमन, गिरजाबाई आणि प्रज्ञा मागून चालत आल्या. दवाखाना येईपर्यंत मी आबाजींचा हात सोडला नाही. बघणाऱ्याला वाटलं असेल, पेशंट मीच आहे. सिस्टरनं "कुछ खाया?" विचारलं, तेव्हा "नाई" हे उत्तर त्यांच्या आधी मी दिलं. मग खात्री म्हणून त्यांना तोंड उघडायला लावून आत बघितलं.

ऑपरेशन चालू असताना मी व्हरांड्यात इतक्या फेऱ्या घातल्या, की झाडूवाल्या बाईनं मला दोनदा उठून वाट दिली आणि तिसऱ्यांदा झाडणंच सोडून दिलं. दार उघडलं. सगळं नीट झालं होतं.

दोन दिवसांनी आबाजी उशीला टेकून बसले. आम्ही तिघं भेटायला गेलो. मी पुन्हा माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

"साहेब, पोरीचा कसूर नाई. म्याच मांगून खाल्ले. सिस्टर म्हने, काई खाल्लं तं आपरेशन होनार नाई. मले लय भेव वाटत होतं. येवढ्यात पोरगी केळं घेऊन आली. एकानं नाई भागलं तं, म्हनून दोन खाल्ले."

गिरजाबाई नवऱ्याकडे पाहतच राहिली. मी विचारलं, "मंग या गुरुवारी काऊन नाई खाल्लं? काकू तं ताट घेऊन आल्या होत्या."

"खानारच होतो," आबाजी म्हणाले. "पन तुमाले चौकटीत उभं पाह्यलं. हात कापत होते तुमचे. म्या मनात म्हटलं, आता घास घेतला तं माह्या आदी हा मानूस जाते. मंग म्हटलं, चला बापा, कापून घेऊ."

प्रज्ञा मन लावून ऐकत होती. तिनं माझा शर्ट ओढला. "बाबा, यालेच करुना म्हनतात काय?"

उत्तर सुमननं दिलं.

"हो माय. आबाजीले तुह्या बाबाची आली."