ओंजळ नको, गिलास दे

मंडळी, आज जामसांवलीच्या रस्त्यावर आमच्या सेवा क्लबची पाणपोई सुरू झाली. दुपारी कागदी कप संपले. तेवढ्यात बौद्ध वस्तीतले वामनकाका आले. क्लब त्यांनीच काढलेला. आमचे नवे सचिव म्हणाले, "काका, ओंजळ करा, वरून ओततो."

काकांनी हात मागं घेतले.

"बाबू, तुह्यावर रागावून नाही राहिलो," ते म्हणाले. "ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट हाये. सगळ्याइले गिलास भेटे, आमाले वरून ओतत. म्हणून तं क्लब काढला. पाणी गिलासातच द्याचं, हा पयला नियम."

मी बाजूच्या दुकानातून स्टीलचा गिलास आणला. काकांनी तो भरला आणि आधी सचिवांच्या हातात दिला.

क्लब कधी निघाला, ते आमच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात आहे. कशासाठी निघाला, ते कुठंच नाही. तुमच्या गावात काय लिहायचं राहून गेलंय?