खोलीत माणसं किती?

परवा नाशिकला एका पोरसवदा डॉक्टरने माझी तोंडी परीक्षा घेतली. चौथी पास बाईची, नव्वदीला टेकलेली असताना... पोटात गाठ आहे. ऑपरेशन करायचं की नाही ते मी सांगायचं, पण त्याआधी माझं डोकं ठिकाणावर आहे का ते बघणार.

लेक म्हणाली, "मी सही करते ना!" तो म्हणाला, "आजींना विचारू द्या." मला तो तिथेच आवडला... वार विचारला, साल विचारलं. मग म्हणाला, "आजी, या खोलीत माणसं किती?"

हा प्रश्न मी आधी ऐकला होता.

जव्हारचं संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. माझं नवीन लग्न झालेलं. आमचे हे तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर... हातांना कायम टिंक्चरचा वास. मी म्हणायचे, "भाकरीला हात लावू नका, भाकरी बेशुद्ध पडेल."

डॉक्टर नवे आलेले, धारवाडकडचे. त्यांचं मराठी मोडकंतोडकं, त्यात डोंगरातल्या माणसांची बोली... त्यांना ओ की ठो कळायचं नाही. मी खोडाळ्याची, मला बोली यायची. म्हणून अडलं की हे मला घरून बोलावून घ्यायचे.

त्या दिवशी खाटेवर बुधीआजी होती. आमच्या खोडाळ्याकडच्या पाड्यावरची म्हातारी, मला लहानपणापासून ओळखायची. काटा लागून पाय सडला होता, घोट्यापर्यंत काळा. कापला तर जगेल, नाहीतर गेली.

ती नको म्हणत होती. तिचा मुलगा रडत होता... "तिचं डोकं फिरलंय डाक्टर, भिंतीशी बोलते. मी अंगठा देतो, कापा." डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं. शुद्धीत असेल तर तिचाच शब्द, नसेल तर मुलाचा, असं ठरलं.

डॉक्टर स्टूल ओढायला गेले तशी बुधीआजी ओरडली, "तथं नको! तो बसेल हाय!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. स्टूल तर रिकामं... मी पटकन म्हटलं, "पाय मोडलाय म्हणते स्टुलाचा." ते उभेच राहिले.

वार? "मोखाड्याचा बाजार." बरोबर, बाजाराचाच वार होता. राज्य कुणाचं? "राजाचं! ह्याला यवढं बी ठाव नाय?" मी सांगितलं, सरकारचं म्हणते. हे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. बोली त्यांनाही थोडी कळायची.

मग विचारलं, खोलीत माणसं किती? तिने चार बोटं वर केली. डॉक्टर, आमचे हे, मी आणि ती... चार. डॉक्टर खूश!

मला मात्र ती हळूच म्हणाली, "मला नाय मोजलं गं. मी तं निघाले." आणि स्टुलाकडे बघून हसली, माहेरचं माणूस न्यायला आल्यावर हसतात तशी. भर दुपार होती, तरी त्या कोपऱ्यातून गार वारा आल्यासारखं झालं... मी तिकडे बघितलंच नाही.

हे मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तिचा शब्द गेला असता. पाय गेला असता, कदाचित ती राहिली असती.

पण शेवटचा प्रश्न राहिला होता... पाय नाही कापला तर काय होईल? "मरेन." कापला तर? "जगेन. पण घर डोंगरावर, पाणी खाली. पाठुंगळी कोण नेल? ल्योक नेल, चार दिस. मंग मी खाटेवरनं त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायाचं. नको." हे मात्र मी एक अक्षर इकडचं तिकडे न करता सांगितलं. डॉक्टरांनी तिच्या मुलाला आत बोलावलं. मग म्हणाले, "घरी न्या."

आठवड्याने ती गेली. नागली वाळत घातली होती, तिथेच अंगणात बसल्या बसल्या. तिचा मुलगा पुढे बाजारात दिसला की तोंड फिरवायचा... मीही मग त्या बाजूने जायचं सोडलं. तिचा शब्द राखला की तिला मारली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर परवा... डॉक्टर विचारून उत्तराची वाट बघत होता. तेवढ्यात त्याने खाटेजवळचं स्टूल ओढलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, त्यावर नको बसू, पाय मोडलाय त्याचा!"

त्याने वाकून बघितलं. चारही पाय धड होते... "बरोबर आहे हो आजी," म्हणाला, पण बसला नाही. गुणी पोरगा.

मला कधीपासून टिंक्चरचा वास येत होता. हल्ली दवाखान्यात तसा वास नसतो म्हणतात. हे जाऊन वीस वर्षं झाली, पण माणसाची सवय जात नाही.

मी म्हटलं, "माणसं? चार." डॉक्टर, नर्स, लेक, मी... त्याने मोजून बघितलं आणि कागदावर बरोबरची खूण केली. ऑपरेशन नको म्हटलं, तेही लिहून घेतलं. लेक अजून रुसलेली आहे.

पोराचं भलं होवो. मला विचारलं त्याने, आणि मी सांगितलेलं ऐकलं. एवढंच विचारायला विसरला, की चारात मी स्वतःला धरलं होतं का...