लहूच्या बाहीवरची खळ

लालबागला आमच्या मजल्यावर लहू राहत असे. गिरणीत तो सायझिंग खात्यात होता, म्हणजे सुताला खळ लावायचं काम. ब्याऐंशीच्या संपात सगळ्यांबरोबर तोही घरी बसला. पण पावसाळ्यानंतर तो रोज पहाटे डबा घेऊन बाहेर पडू लागला. कुठे जातो, ते बायकोला, मंजुळालाही, सांगत नसे.

चोरून कामावर जाणाऱ्याचं बिऱ्हाड चाळीबाहेर काढायचं, असं ठरलेलं होतं.

एके सकाळी गॅलरीतल्या दोरीवर लहूचा सदरा दिसला. आमच्या चाळीत संपाचं सगळं रघु बघत असे. तो बाही चिमटीत धरून उभा राहिला. बाही पांढरट, पापडासारखी कडक.

"काकी, जरा बघा. खळ हाय का नाय?"

मी घरातून टिंक्चर आयोडीन आणलं. पिठाच्या खळीवर ते निळं पडतं, हे मिशनच्या शाळेत सिस्टरनी दाखवलं होतं. बाहीवरचा थेंब पिवळाच राहिला. खात्रीसाठी भाताच्या शितावर टाकला, तर शीत काळंनिळं झालं.

"पीठ नाही यात," मी म्हटलं.

"आता केमिकलची खळपण येते, काकी. तुमच्या सिस्टरला काय ठावं?"

ते खोटं नव्हतं. माझाही संशय फिटला नव्हता.

संध्याकाळी लहू आला तेव्हा त्याच्या दारात रघु धरून चौघे उभे होते. मंजुळा आत, पाठ करून.

"कसली खळ ही, लहू?"

"खळ नाय." लहूने डबा खाली ठेवला. "शेंबूड हाय. समुद्रातल्या गोगलगाईचा."

कुणीतरी हसलं. रघु हसला नाही.

"कफ परेडच्या खडकावरनं काढून कॉलेजात नेतो. तिथं एक सर हायत. गोगलगाय काचेवर चालवायची, मागचा चिकटा खरवडायचा, सुकवून वजन करायचं. खाल्लेल्यातलं किती चिकट्यात जातं ते त्यांना बघायचंय. चालायला लागतं त्याच्या कितीतरी पट चिकट्यालाच जातं, म्हणतात."

"मग चालते कशाला? गप बसावं की."

"बसली तरी सुटतो. धरून बसायलाबी चिकटाच लागतो, नायतर लाट नेते."

रघूने विचारलं, "लपवलंस का?"

"अर्धा जन्म सायझिंगमधे गेला. आता शेंबूड पुसतो म्हणून सांगू?"

"दाखव."

डब्यात खारं पाणी आणि दोन शंख होते. मी घरातून छोटा आरसा आणून दिला. एक गोगलगाय कितीतरी वेळाने बाहेर आली आणि आरशावर ओली रेघ ओढत गेली. ती वाळेपर्यंत कुणी हललं नाही. रघूने नखाने खरवडून पाहिलं, बाहीशी ताडून पाहिलं.

"काकी, ह्याच्यावरपण टाका औषध."

थेंब पिवळाच राहिला.

"राहू दे बिऱ्हाड," तो म्हणाला. "पण उद्या कफ परेडला मी येतो संगती."

ते गेल्यावर मंजुळा सदरा काढायला आली. कॉलर मळकी होती, घामाचा वास येत होता. धुतला असता तर बाही कडक राहिलीच नसती. न धुतलेला सदरा रघूच्या वाटेवर कुणी वाळत घातला, हे चौघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

लहू दारातून तिच्या हातांकडे बघत होता.