चटईबाहेरचा पाय

गंगाखेडच्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक. लॉन बॉलच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, पंचांचं शिबिर झालं तेव्हा आमच्याकडून मी एकटाच गेलो होतो, म्हणून जिल्ह्याच्या निवड चाचणीला मला पंच म्हणून बोलावलं. हिरवळ कुठली! देवगाव फाट्याजवळच्या मंगल कार्यालयात हिरवं कार्पेट अंथरलं होतं, त्याखाली आदल्या दिवशीच्या लग्नाच्या अक्षता तशाच. चेंडू उचलला तर तो कुणाच्या तरी गुटख्याच्या बोटांनी चिकट झालेला. किळस आली.

नियम साधा आहे. खेळाडूनं लहानशा चटईवर उभं राहून चेंडू घरंगळत सोडायचा. चेंडू हातातून सुटताना एक पाय तरी चटईवर हवा, निदान चटईच्या वर हवेत. पहिल्या चुकीला ताकीद, दुसऱ्या चुकीला चेंडू बाद.

जिल्हा संघटनेच्या सचिवांचा पुतण्या क्रिकेटच्या बॉलरसारखा पळत आला आणि चटई ओलांडून दोन पावलं पुढून त्यानं चेंडू सोडला. मी ताकीद दिली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी घरंगळता चेंडू हातानं अडवला आणि बाद दिला.

सचिव खुर्चीवरून उठून आले. "सर, घरचंच पोरगं हाय. लय ताणू नका."

"मग घरीच शिकवायचं होतं," मी म्हणालो आणि दुसऱ्या खेळाडूकडे वळलो. पूर्णेचा तरुण, पोलीस भरतीची तयारी करणारा. पुतण्याचा तो चेंडू ग्राह्य धरला असता तर हाच हरणार होता. "तू सांग, पाय बाहेर होता का नव्हता?"

त्यानं घड्याळात पाहिलं. "व्हता की सर. पण तुमी कशाला अडून बसायलाव? आमा दोघांचीबी नावं निवड यादीत कालच गेलीत. भरतीला सर्टिफिकेट मिळालं म्हंजी झालं. माझी गाडी जाईल."

पुतण्या हसला. मग हाही हसला.

गुणपत्रिकेवर 'दुसरी चूक, चेंडू बाद' असं लिहून मी सही केली. सचिवांनी ती शांतपणे घडी करून खिशात घातली. दुसऱ्या एका शिक्षकानं पंच म्हणून कोऱ्या गुणपत्रिकेवर सही दिली. कोण जिंकलं, एवढंही विचारलं नाही.

समारोपाला माझंच नाव पुकारलं. 'शिस्तप्रिय पंच' म्हणून शाल. नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या, आणि मी मान वाकवली. त्या माणसांची शिसारी आली होतीच. आता स्वतःचीही आली.

फाट्यावर एसटीची वाट बघताना शेजारच्या बाईंनी शालीकडे पाहून विचारलं, "सत्कार झाला का सर?"

"हो," मी म्हणालो.