जवळच्या शंभरात

दर्यापूर रस्त्यावरच्या आमच्या शाळेत मी पाचवीला गणित शिकवते. स्थानिक किंमत पोरांच्या डोक्यात शिरेना, म्हणून त्यांना रस्त्याकडेच्या कडुनिंबांपाशी नेलं. रुंदीकरणात तोडायच्या झाडांवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेले होते. आम्ही दोरीने बुंधे मोजले. फाटकासमोरच्या निंबाचा घेर ३४७ सेंटिमीटर भरला. शतकस्थानी तीन, जवळच्या शंभरात तीनशे. तासाभरात सगळ्यांना जमलं.

तेवढं एक झाड ठेवा, असा अर्ज मी तालुक्याला जाऊन दिला. पोरं दुपारची खिचडी त्याच्याच सावलीत खातात. अर्जावर पोच मिळाली, उत्तर नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा निंबही नव्हता आणि बाकीची झाडंही नव्हती.

उजळणी ठरलेली होती, ती घेतली. शेवटच्या झाडाचा नंबर ४३ होता. फळ्यावर लिहून विचारलं, "जवळच्या शंभरात किती?"

"शून्य, मॅडम," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "पन्नासच्या खाली हाये ना." मग तिनं विचारलं, "म्हणून तोडले काय?"

उत्तर बरोबर होतं. मी फळ्यावर शून्य लिहिलं. त्या दिवसापासून खिचडी वर्गातच वाढतो.