ते प्रभाताईंशी बोलायचे

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. आमचं घर बौद्ध. दाराला लिंबू-मिरची नाही, अंगारा-धुपारा नाही, अमावस्या पाळणं नाही. अंगणवाडीत इतकी वर्षं नोकरी झाली, त्यात गावच्या बायांना हेच सांगत आले की लेकरू रडत असेल तर आधी अंगाला हात लावून ताप बघा, दृष्ट मग काढा. आणि आता मीच हे लिहायला बसले आहे... लाज वाटते खरं तर. पण डोकं लावून लावून थकले. कोणाला काही सुचलं तर सांगा, नाही सुचलं तरी राग नाही.

आम्ही बुलडाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालचे. माझे मिस्टर एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे बसस्टँडवर काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या सांगणारा माणूस. जळगाव जामोदच्या स्टँडवर त्यांची बरीच नोकरी गेली. आवाज असा की भेळेच्या गाडीवरची माणसंही हातातला कागद सोडून उठायची. गाडीचं नाव, फलाट, वाटेतली गावं एका दमात सांगायचे आणि शेवटी स्वतःच्या मनाचं एक वाक्य जोडायचे – "चढताना घाई करू नका, गाडी तुमचीच आहे." हे कुठल्या नियमात नव्हतं. साहेबांनी एकदा हटकलंही होतं म्हणे, पण त्यांनी काही सोडलं नाही. घरीसुद्धा तोंड बंद नसायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर ते गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं.

रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाय काठीच्या आधाराने पुष्कळ सुधारला, पण बोलणं आलं नाही. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतं, शब्द आतच अडकतात. तोंडातून फक्त "बा... बा..." एवढंच. डॉक्टरांनी चित्रांची कार्डं दिली होती, ती धरून मी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासमोर बसायची. पाणी म्हणा. पा–णी. घर म्हणा. ते माझ्याकडे बघायचे, घाम यायचा कपाळावर, आणि "बा". लोक विचारायचे, काही फरक? मी म्हणायची, हाव, थोडा हाये. फरक काडीचा नव्हता. त्यांना उठवणं, धुणं, भरवणं, वर अंगणवाडी, वर सुपरवायझरच्या मीटिंगा. माझं अंग एखाद्या ओल्या गोधडीसारखं जड झालं होतं. हे सगळं मी पुढेही केलं असतं. मला बदल्यात एकच पाहिजे होतं, त्यांनी एकदा माझ्याशी बोलावं. काहीही बोलावं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

पोरगी पल्लवी पुण्यात नोकरीला. तिने परस्पर कोकणातलं रिसॉर्ट बुक केलं. "मम्मी, तू आराम कर. पप्पांनी समुद्र पाह्यला नाही आजवर." मी म्हटलं, "त्यायले घरातून मोरीत नेता नेता माहा जीव जाते, अन् तू समुद्रावर नेऊन राह्यली?" पण पोरीपुढे कोणाचं चालतं? शेगावहून रेल्वेने निघालो, पनवेलला पल्लवी भेटली, मग कोकण रेल्वे, कुडाळ, आणि तिथून गाडी. पोचेपर्यंत माझी कंबर माझी राहिली नव्हती.

रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. मालवणच्या अलीकडे, अगदी किनाऱ्याला लागून. फोटोत निळा पूल, पांढऱ्या छत्र्या. ते फोटो बांधकाम झालं तेव्हाचे असावेत. आता पूल कोरडा, आत नारळाच्या झावळ्या. खाऱ्या वाऱ्याने ग्रिल गंजून त्याचे पापुद्रे हाताला लागायचे. एसी चालू केला की गरम हवा आणि वर घरघर. चादरी धुतलेल्या, पण दमट. खोलीतून समुद्र दिसायचा तो जनरेटरच्या शेडवरून. पल्लवी मॅनेजरशी भांडायला निघाली होती, मीच तिला थांबवलं. भांडायलाही अंगात जोर लागतो. खोलीपुढे व्हरांडा होता, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि समोर समुद्र मात्र खरा होता.

पहिल्याच दुपारी त्यांना व्हरांड्यात बसवलं, जेवण भरवलं आणि "पाच मिनिटं पडते" म्हणून आत आले. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. इतकी झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. धडपडत बाहेर आले. ते खुर्चीत तसेच, समुद्राकडे बघत. आणि खोल्या झाडणारी बाई त्यांच्याजवळ फरशी पुसत होती. प्रभाताई तिचं नाव. माझ्याच वयाची, बारीक, कमरेला पदर खोचलेला, कामाला कंटाळलेली.

मला बघून म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना बोलूक लय आवडता, नाय?"

मला वाटलं थट्टा करते आहे. राग आला. म्हटलं, "ताई, त्यायले बोलता येत नाही. लकवा मारेल हाये."

ती फडकं पिळता पिळता थांबली. "काय सांगता? मघापासून माझ्याशी बोलतायत ते. समुद्राला एवढं पाणी आहे तर प्यायला का चालत नाही, विचारत होते. मी म्हटलं, खारट. तर म्हणाले, आमच्याकडे विहिरीचं पण खारटच आहे, आम्ही पितो की."

आता हे खरं आहे. आमच्या भागात खारपाण पट्टा आहे, विहिरीचं पाणी खारटच. पण असेल कुठे वाचलेलं, टीव्हीवर ऐकलेलं... मी तो विषय सोडून दिला. त्यांच्याकडे पाहिलं, तर ते नेहमीसारखेच. पल्लवीला सांगितलं तर ती हसली. "मम्मी, ती बाई टिपसाठी गोड बोलत असंन."

दुसऱ्या दिवशी मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. दुपारी मी पडले होते, अर्धवट झोपेत. बाहेर प्रभाताईंचा आवाज येत होता. मध्ये थांबायची, मग "हो का?" म्हणायची, मग थांबायची, मग हसायची. फोनवर बोलत असेल म्हणून मी उठून दारात गेले. फोन नव्हता. ती कठड्याला टेकून उभी आणि तोंड माझ्या मिस्टरांकडे. त्यांचे ओठ मिटलेले. मी डोळे ताणून पाहिलं. जरासुद्धा हालत नव्हते. आणि ती बाई मान डोलवत होती, समोरचा काहीतरी लांबलचक सांगत असावा तशी.

"काय म्हणून राह्यले ते?" मी विचारलं.

"गाड्या सांगतायत," प्रभाताई सहज म्हणाली. "वरवट बकाल, टुनकी, सोनाळा. गाडी फलाटावर लागली आहे. चढताना घाई करू नका, गाडी तुमचीच आहे." आणि हसली. "तुमका म्हायत नाय? रोज हेच सांगत असतील ना घरी?"

मी दाराची चौकट धरली. वरवट बकाल आधार कार्डावर असेल, रिसॉर्टवाल्यांनी त्याची झेरॉक्स घेतली होती. पण टुनकी? सोनाळा? ती गावं आमच्या तालुक्याबाहेर कोणाला माहीत? आणि ते शेवटचं वाक्य मी तिथे गेल्यापासून तोंडातून काढलं नव्हतं. पल्लवीनेही नाही, तिला विचारलं. ती तर ते वाक्य विसरूनच गेली होती. मी सांगितल्यावर रडायला लागली. प्रभाताईला विचारलं, आमच्या बुलडाण्याकडे कधी आलात का, कोणी नातेवाईक आहे का तिकडे? ती म्हणाली, "मी कोल्हापूरच्या पलीकडे गेले नाही ओ कधी. बुलडाणा नेमकं खयसर आलं?"

भीती वाटायला हवी होती ना? मला भीती वाटली नाही. मला राग आला. दोन वर्षं या माणसाचं तोंड धुतलं, दाढी केली, घासातला खडा निवडून भरवलं. दोन वर्षं कार्डं धरून बसले. आणि बोलले कोणाशी, तर फडकं मारणाऱ्या परक्या बाईशी! प्रभाताईंचा मला इतका हेवा वाटला की त्या दिवशी तिने आणून दिलेला चहा मी तसाच बेसिनमध्ये ओतून दिला. संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून त्यांना सरळ विचारलं, "बोलता येते तुम्हाले? मंग माह्याशी काऊन नाही बोलत?" ते माझ्याकडे बघत राहिले. "बा," म्हणाले. डोळ्यात पाणी होतं की खारा वारा लागला होता, सांगता येत नाही.

पल्लवी कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते, तिचं डोकं तसं चालतं. तिसऱ्या दिवशी तिने व्हरांड्यातल्या खिडकीत मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला, वर टॉवेल टाकला. प्रभाताईला काही सांगितलं नाही. नंतर दोघींनी बसून ऐकलं. लाटांचा आवाज, बादलीचा आवाज, प्रभाताईंचा आवाज. "कोणाचं लग्न?... असं होय... आणि मग पाऊस?... अरे देवा, मंडपच उडाला?" मधल्या वेळात नुसत्या लाटा.

आमच्या लग्नात वादळ आलं होतं. देऊळघाटला, माझ्या माहेरी. मंडप उडून शेजारच्या वावरात पडला होता आणि वऱ्हाडाने शाळेच्या व्हरांड्यात जेवणं केली होती. पल्लवीला ही गोष्ट माहीत होती, मला माहीत होती, त्यांना माहीत होती. प्रभाताईला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पल्लवीने ते रेकॉर्डिंग आवाज वाढवून, कमी करून, हेडफोन लावून ऐकलं. मग मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, मले काहीच समजून नाही राह्यलं."

निघायच्या दिवशी सकाळी नाश्ता झाला, बॅगा भरून झाल्या. गाडी यायला वेळ होता. ते व्हरांड्यात खुर्चीत. प्रभाताई शेजारच्या खोलीच्या चादरी काढत होती. मी जाऊन तिचा हात धरला. परवाचा राग, चहा, सगळं गिळलं आणि म्हटलं, "ताई, माह्यं एक काम करा. त्यायले माह्याकडून एक गोष्ट विचारा."

ती ओशाळली. "अहो, तुमचेच ते. तुम्हीच विचारा ना."

"मी विचारलं. मले उत्तर येत नाही."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. चादरी खाली ठेवून आली, त्यांच्या खुर्चीजवळ उभी राहिली. मी दुसऱ्या खुर्चीत बसले, अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. पल्लवी दारात उभी.

"त्यायले विचारा," मी म्हटलं, "साऱ्या जगाशी बोलता, मंग माह्याशी काऊन बोलत नाही? माह्यं काय चुकलं?"

प्रभाताईला विचारायची गरजच पडली नाही. मिस्टरांनी ऐकलंच होतं. ते माझ्याकडे बघत होते, ओठ मिटलेले, डावा हात मांडीवर. प्रभाताईने मान थोडी तिरकी केली. बराच वेळ ऐकत राहिली. मी कान देऊन होते, जीव कानात आणला होता. लाटा होत्या. जनरेटर होता. कुठेतरी कावळा ओरडत होता. बाकी काही नाही.

मग तिचा चेहरा उतरला. "राहू दे ताई," म्हणाली.

"नाही. सांगा. जसं म्हणले तसंच सांगा."

आणि त्या मालवणी बाईने, जिच्या तोंडी तोवर आमच्या बोलीचा एक शब्द आला नव्हता, माझ्या नवऱ्याच्या बोलीत, त्याच्याच वैतागलेल्या सुरात सांगितलं –

"मी तं रोजच बोलून राह्यलो तिच्याशी. सकाळी उठल्यापासून बोलतो. तिलेच ऐकू येत नाही, तं मी काय करू?"

पल्लवी खोलीत निघून गेली. मी कुठे बघावं ते कळेना. प्रभाताई पदराने हात पुसत "मला माफ करा हं" म्हणाली आणि चादरी उचलून चालू लागली. तिचा काय दोष होता? मीच विचारलं होतं.

घरी आल्यावर अकोल्याच्या डॉक्टरांना सांगितलं, अर्धंमुर्धं सांगितलं. ते म्हणाले, बाहेरच्या बाईला तुमच्या बोलण्यातून काही कळलं असेल, बाकी तिने जुळवलं असेल, आणि तुम्ही फार थकल्या आहात. शेवटचं खरंच आहे. पल्लवी म्हणते, चार दिवसांत तिने आपली बोली उचलली असेल. उचलली असेलही. पण मंडप? पण टुनकी? मी रिसॉर्टवर फोन लावून प्रभाताईला बोलावून घेतलं, मोबाइल मिस्टरांच्या तोंडापाशी धरला. ती पलीकडून म्हणाली, "ताई, काही येत नाही ओ ऐकू. फोन बिघडलाय का?" मला याचा अर्थ लागलेला नाही. मी भूत म्हणणार नाही, चमत्कार तर त्याहून नाही. काय म्हणू ते मला माहीत नाही.

आता मी अंगणवाडीतून आले की टीव्ही बंद करते, कूलर बंद करते, गल्लीकडची खिडकी लावून घेते आणि त्यांच्यासमोर बसते. ते माझ्याकडे बघतात. कधी शांत असतात. कधी मात्र कपाळाला आठ्या पडतात, पूर्वी एखादी गोष्ट मी दोनदा विचारली की पडायच्या तशा. तेव्हा मी त्यांचा हात हातात घेते आणि म्हणते, "हाव, ऐकून राह्यली मी. पुन्हा सांगा."

अजून तरी काही ऐकू आलेलं नाही.