चार खुर्च्यांचं टेबल
आज शेजाऱ्यांच्या दाराला पॉलिश चाललं होतं आणि त्या उग्र वासाने मला फर्निचरच्या दुकानात नेऊन उभं केलं. आईचे गुडघे गेले होते, डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली होती, म्हणून तर आम्ही डायनिंग टेबल घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, "घरात माणसं किती?" बायको, दोन मुलं आणि मी, असं मोजून मी म्हणालो, "चार." मागे उभी असलेली आई शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे. डॉक्टरांनी खाली बसू नका सांगितलंय, उभ्याने जेवायला कुठे मनाई आहे?" दुकानदार हसला. मीही हसलो, आणि वारज्याच्या फ्लॅटमध्ये सहा खुर्च्या मावणार नाहीत म्हणून चारचंच घेतलं. आई शेवटपर्यंत आमची जेवणं आटोपल्यावर बसायची. ती गेली, तेव्हा टेबलाभोवतीची एकही खुर्ची रिकामी झाली नाही.